शिशाचे फासे

शनिवार, ११ जानेवारी

कॉफीच्या रिकाम्या डब्यात शिशाचे फासे हलवले की जो आवाज व्हायचा, तो आज सकाळी अंथरुणातच ऐकू आला. खणखणीत नव्हे, ओल्या मातीत घोड्याची टाप पडावी तसा जड, बुजलेला. छापखान्याच्या तळघरातला तो आवाज. तेव्हा आमच्या गावात तऱ्हेतऱ्हेचे फासे मिळत नसत, म्हणून मी छपाईचे झिजलेले शिशाचे खिळे वितळवून साच्यात ओतले होते. अक्रोडाएवढा एकेक फासा. डबा उपडा केला की टेबल हादरायचं आणि कुणाचं तरी मरण ठरायचं.

त्या काळी विस्कॉन्सिनच्या प्रत्येक तळघरात एक निराळा खेळ होता. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्याच्या तोंडचं बोलायचं, आणि जिवावरचा प्रसंग आला की फासे टाकायचे. नियम ज्याचे त्याचे. त्यातला एक खेळ मोठा झाला. इतका, की आता नुसतं 'मोठा खेळ' म्हटलं तरी नातवंडांनाही कळतं. बाकीचे सरोवरात बुडालेल्या बोटींसारखे तळाशी गेले. माझा 'वेढा' त्यांतलाच. मीच लिहिला, मीच खिळे जुळवले, मीच छापला, आणि उरलेल्या प्रती माझ्याच तळघरात आहेत.

ग्लेनच्या खेळांच्या दुकानात आज रस लिंडालच्या टेबलाभोवती उभं राहायला जागा नव्हती. रस शाळेत कुस्ती शिकवतो, आग लागली की बंबावर जातो आणि शनिवारी दुपारी मोठ्या खेळाचा सूत्रधार असतो. त्याने ड्रॅगनचा आवाज काढला की समोरच्या बेकरीतली माणसं खिडकीशी येतात. कोपऱ्यातल्या टेबलावर मी आणि मायलो. मायलो म्हणजे निवृत्त डाकवाला, एका कानाने बहिरा, माझा जन्माचा मित्र.

ग्लेन फडक्याला हात पुसत आला. त्याने फार हळुवारपणे सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत, फार तर फेब्रुवारीपर्यंत तो वाट बघेल. टेबलाला तीन खेळाडू तरी हवेत, नाहीतर रसचा दुसरा गट ताटकळतोय. त्याच्याकडे बघून मलाच त्याची दया आली.

आणि मग ते घडलं. मोठ्या टेबलावरून एक बाई उठली आणि सरळ आमच्याकडे आली. रसची बायको, कोरीन. बारीक, लांब बाह्यांची, हळू बोलणारी.

"इथे झोपून उठलं की जखमा भरतात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही बाई, इथे जखम ती जखम आणि मेला तो मेला.

"मग बसते," ती म्हणाली.

तिकडून रस ओरडला, "कविराज, बायको पळवताय काय माझी? न्या, न्या. खाते फार, सांभाळा." सगळं दुकान हसलं. कोरीनही हसली, जरा उशिरा.


रविवार, १२ जानेवारी

चर्चमध्ये लक्ष नव्हतं. आठ माणसांचं हसतं टेबल सोडून ही आमच्या थंड कोपऱ्यात का आली असेल? माझा तर्क असा: तिला खरा खेळ कळतो.

मोठा खेळ लोकांना का आवडतो, हे मला ठाऊक आहे. तिथे दिवसभर तलवारी खाल्ल्या तरी एक रात्र झोपलं की सगळं पहिल्यासारखं. कुणाला नको वाटेल ते? जखम लक्षात ठेवणारं टेबल कुणालाच नको असतं. पण वेढा पडलेल्या गावात, ऐन हिवाळ्यात, धान्य संपत आलेलं असताना, मोडलेला हात मोडलेलाच राहतो, आणि तरी त्या हाताने दार लावून धरायचं असतं. त्यातच खरं काव्य आहे, असं मी आयुष्यभर म्हणत आलो आणि पलीकडून कधी कुणी हो म्हटलं नाही.

कवितेवरून आठवलं, ऑस्टरहाऊस बाई. एकाच खोलीची शाळा, मधोमध शेगडी, आणि बाकाशेजारी हात मागे बांधून उभं राहून कविता म्हणायची. बाई म्हणायच्या, बसून फक्त जेवतात. म्हणून 'वेढ्या'तला जखमांचा तक्ता मी दोन-दोन ओळींच्या पद्यात रचला. आणि एक रीत घातली: ज्याने मारलं त्याने उभं राहून मेलेल्याची ओळ म्हणायची, मग त्या पात्राचा कागद पत्र्याच्या झाकणात जाळायचा. मारणं फुकट असू नये.


शनिवार, १८ जानेवारी

हे लिहिल्याशिवाय आज झोप यायची नाही.

आज शत्रू गटारातून आत शिरला. कोरीनचं पात्र म्हणजे जोडे शिवणारी एक बाई, हत्यार म्हणून फक्त चामडं टोचायची आरी. पहिला शिपाई बिळातून डोकं वर काढतो तोच तिने आरी त्याच्या डोळ्यात घातली आणि त्याला पुन्हा खाली ढकललं, म्हणजे मागच्यांची वाट त्याच्याच प्रेताने बुजावी. मायलोने वरून उकळतं डांबर ओतलं. खालून जे ओरडणं आलं ते मी सूत्रधार म्हणून तोंडाने केलं, तेव्हा रसच्या टेबलावरचे दोघे वळून बघू लागले. तिसऱ्या शिपायाने कोरीनच्या कुशीत गदा हाणली. फासे पडले आणि मी तक्ता वाचला:

बरगडी मोडे, श्वास अडे,
हसू न ये, मग रडू पडे.

सहा आठवडे, मी म्हटलं.

"आठ," कोरीन म्हणाली. "आणि पहिल्या दिवशी एवढं दुखत नाही. तिसऱ्या दिवशी कळतं. शिंक येणार असं वाटलं की घाम फुटतो. कुशीवर वळायचं तर आधी श्वास धरायचा, मग वळायचं."

ती हे कागदाकडे बघत, बाजारातल्या सामानाबद्दल बोलावं तसं बोलली. इतक्यात रसची आई आर्डिस लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन आली. दर शनिवारी ती रसच्या टेबलासाठी वड्या आणते आणि उरलेल्या आम्हाला. ट्रे ठेवता ठेवता, कुणी विचारलेलं नसताना, तीही म्हणाली, "आठ." आणि गेली.

आता सांगा, असा खेळाडू कुणाला मिळतो? मायलोने मधेच त्याचा तो जुना विनोद सांगितला, टपालातल्या बदकाचा. कोरीनला हसू आलं, पण तिने लगेच हात कुशीवर दाबला आणि डोळे मिटले. जखम पात्राला झालेली, आणि ही ती अंगात घेऊन बसलेली. पन्नास वर्षांत असा अभिनय मी पाहिला नाही.

घरी येऊन पेन्सिलने तक्ता दुरुस्त केला. सहा खोडून आठ. 'तिसऱ्या दिवशी कळतं' हेही कुठे तरी ओळीत बसवायला हवं.


शनिवार, २५ जानेवारी

कोरीनच्या मनगटाला पट्टी. पायऱ्यांवरून पडले, म्हणाली, आणि डाव्या हाताने फासे टाकले. तिच्या पात्राने आज एका जखमी शत्रूचा गळा आवळला, एका हाताने आणि गुडघ्याने. कसं, ते तिने टप्प्याटप्प्याने सांगितलं. मायलोने हातातली वडी खाली ठेवली.

लिंडालांचं ते मिल स्ट्रीटवरचं घर. त्या पायऱ्या पहिल्यापासून वाईट असणार. आर्डिस आणि मी एका शाळेत होतो. ती माझ्याहून खालच्या इयत्तेत, कविता म्हणताना वेणीचं टोक चावायची. हार्लन लिंडालशी लग्न करून त्या घरात गेली आणि मग सारखी पडायची. एका वर्षी चर्चच्या सहलीला हात गळ्यात, एका वर्षी ओठाला टाके. पायऱ्यांवरून पडले, तीही म्हणायची. हार्लन मोठा लोकप्रिय माणूस होता, बेसबॉलचा कप्तान, पण घराची डागडुजी कधी केली नसावी. आर्डिस अजून तिथेच राहते, मुला-सुनेबरोबर. आता रसही बापावर गेलाय. सगळ्या गावाला हात देतो आणि घरच्या पायऱ्या तशाच.

ग्लेन पुन्हा येऊन गेला. तिसरा खेळाडू हवाच. तेव्हा मला सुचलं आणि सुचल्यावर माझं मलाच कौतुक वाटलं: रसलाच बोलवायचं. तो एक दिवस आमच्याकडे बसला तर त्याच्यामागून चार येतील.

मी हे कोरीनला सांगितलं. ती बराच वेळ फासा बोटांत फिरवत राहिली.

"दोघांवर नाही का चालणार, नॉर्ब?"

मी ग्लेनची अट समजावून सांगितली.

"माझी दोन पात्रं घेते. तीन घेते."

मला वाटलं, किती ही निष्ठा. पण म्हटलं, बाई, खेळ चार लोकांत गेल्याशिवाय जगत नाही. मी मोठ्या टेबलावर जाऊन रसला विचारलं. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "येतो की, कविराज. बघू तरी बायको शनिवारी काय दिवे लावते."


शनिवार, १ फेब्रुवारी

आजचा दिवस छापायला हवा.

रसबरोबर त्याचं सगळं टेबल आलं आणि आमच्याभोवती कडं करून उभं राहिलं. रसने वेशीचा कप्तान घेतला. धान्याच्या कोठाराची किल्ली त्याच्याकडे. आल्या आल्या त्याने मायलोच्या पात्राला कोठाराच्या दारात आडवं पाडून दात पाडले, लोक हसले. जोडे शिवणारी धान्य मागायला आली तेव्हा त्याने तिला बर्फात गुडघ्यांवर बसवलं. "नीट माग. ऐकू आलं नाही. पुन्हा," कप्तान म्हणाला. ड्रॅगनचा आवाज नव्हता हा. साधा, घरगुती आवाज होता. तरी लोक हसत होते. कोरीनने पुन्हा मागितलं. पुन्हा. मग तो म्हणाला, उद्या ये.

रसने जाहीर केलं की कप्तान आता दारू पिऊन बुरुजावर झोपतो. "सकाळी उठतो ठणठणीत."

"इथे नाही," कोरीन म्हणाली. "मी बुरुजावर जाते. जोडे काढून."

मी शिशाचे फासे बाहेर काढले. मोठ्या प्रसंगालाच ते निघतात. एका जाड लोकरीच्या मोज्यात ते सगळे एकत्र बांधून ठेवलेले असतात. मोजा माझ्या आईने विणलेला. कोरीनने दोन घेतले आणि टाकले. तोच आवाज, तळघरातला. दोन्ही फाशांवर सर्वांत मोठा आकडा.

सूत्रधाराचं काम मी केलं, आणि चांगलं केलं. आरी कानाखाली शिरते. कप्तान जागा होतो, ओरडायला तोंड उघडतो आणि तोंडातून आवाजाऐवजी गरम फेस येतो. तो तिचे केस धरतो. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवते आणि आरी आडवी ओढते, जाड कातडं उसवावं तशी, टाक्यामागून टाका. त्याचे पाय लाकडावर आपटत राहतात. ती थांबते, श्वास घेते, आणि पाय थांबेपर्यंत ओढत राहते.

कुणी हसलं नाही. कोरीन उभी राहिली, हात मागे बांधले, आणि कागदाकडे न बघता, रसकडे बघत म्हणाली:

कंठ उघडला, मिटली वाणी,
मातीस पाजले रक्ताचे पाणी.

ऑस्टरहाऊस बाई असत्या तर त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

रसने स्वतःच आपल्या पात्राचा कागद लायटरने पेटवला आणि ज्योत बोटांना लागेपर्यंत धरून ठेवला. मग हसून टाळ्या वाजवल्या, तेव्हा सगळ्यांनी वाजवल्या. "घरी चल आता," तो तिला म्हणाला. "मलाही शिकव हे." लोक पुन्हा हसले. खिलाडू माणूस आहे. आर्डिस मात्र हसली नाही. ती खरकट्या बश्या एकावर एक रचत होती, त्या तिच्या हातात वाजत होत्या.

निघताना कोरीनने फाशांचा मोजा उचलला. तळहातावर तोलला. गाठीपाशी धरून जरासा झुलवला.

"हे मी घरी नेऊ? थोडे दिवस?"

मला भरून आलं. मायलोलासुद्धा मी ते कधी नेऊ दिले नाहीत. मी म्हटलं, तुझेच समज.


शनिवार, ८ फेब्रुवारी

कोरीन आली नाही. तिची खुर्ची मी कोट टाकून अडवून ठेवली होती, ती शेवटी ग्लेनने उचलून रसच्या टेबलाकडे नेली. तिथे आज बारा माणसं. रसने हात हलवला. "पडली हो पुन्हा, कविराज. पायऱ्या. या वेळी तोंडावरच. थोडे दिवस काही यायची नाही." सगळे हळहळले. एकीने कार्डावर सह्या गोळा केल्या. मीही केली.

मन खट्टू झालं. खरं लिहितो, पहिला विचार आला तो टेबलाचा. बहुतेक सुटलं ते आता.

आर्डिसने वड्या आणल्या नव्हत्या. ती आलीच नव्हती.

मायलो जाताना गाडीपाशी थांबला. "नॉर्ब्या, मी त्या घरी वीस वर्षं टपाल टाकलं. त्या घराला पायऱ्या किती आहेत रे?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू बहिरा मीच. मग गाडीत बसून गेला.

तरी त्याच्या बोलण्यावरून एक गोष्ट सुचली. माझ्याकडे ओकचा चांगला कठडा पडून आहे, छापखान्याच्या जिन्याचा. सोमवारी जाऊन लिंडालांच्या पायऱ्यांना बसवून देतो. शेजारधर्म म्हणून. ती बरी झाली की येईलही परत.


सोमवार, १० फेब्रुवारी

डाव्या हाताने. अक्षर वाकडं.

कठडा घेऊन गेलो. पुढच्या दाराला तीन पायऱ्या. रुंद. बर्फ काढलेला. दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, घट्ट. मी हलवून पाहिला.

रसने दार अर्धं उघडलं. मी म्हटलं, तळघराच्या दाखव बाबा, तिथे बसवून देतो, म्हणजे पुन्हा कुणी पडणार नाही. मी हसत होतो. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"तळघराला जिना नाही आमच्या," तो म्हणाला. "एकमजली घर उतारावर आहे, सरकता दरवाजा आहे मागून. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, मग पडतात तरी कुठे.

मला खरंच प्रश्न पडला होता. माझा उजवा हात चौकटीवर होता. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि दार लावलं. दार बसलं नाही, म्हणून पुन्हा उघडून लावलं. मग खांदा देऊन. तिसऱ्यांदा काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला, तो माझा होता हे नंतर कळलं. आतून कुणीतरी 'रस' म्हणालं. बाईचा आवाज, पण तोंड बांधल्यासारखा.

पायरीवर रक्त. कठडा तिथेच टाकून आलो.

दवाखान्यात मुलीने विचारलं, कसं झालं हे? मी म्हटलं, दारात सापडली बोटं. तिने लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाली, "घरी सुरक्षित वाटतं ना तुम्हाला?"

मी एकटाच राहतो, म्हटलं. तिने तरी उत्तराची वाट पाहिली.

दारात सापडली. असं मी म्हणालो. कुणी शिकवलं नव्हतं.


बुधवार, १२ फेब्रुवारी

आज तिसरा दिवस. तिसऱ्या दिवशी कळतं.

सकाळपासून खिडकीशी बसलोय. सरोवर गोठलेलं, त्यावर मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या, आणि माझ्यासमोर तक्ता. माझ्या हस्ताक्षरातला आठ. मी त्या बाईच्या बरगड्या मोजून घेतल्या आणि नियम म्हणून लिहून ठेवल्या. जिथे तो नव्हता अशी एक खुर्ची तिने गावात शोधली होती, आणि मी टेबल वाचवायला त्यालाच तिथे आणून बसवलं.

आणि आर्डिस. इतकी वर्षं मी एका घराच्या पायऱ्यांना शिव्या देत होतो.

डाव्या हाताने शेरीफच्या कचेरीला फोन केला. डेप्युटी जाऊन आला आणि त्याने मला उलट फोन केला. आवाजात माया होती. कोरीन स्वतः दारात आली, म्हणाला, सगळं ठीक आहे म्हणाली. तोंड सुजलंय खरं, पण पडलीय ना ती. आणि बोटांचं काय म्हणता, तुम्हीच दवाखान्यात दार म्हणून सांगितलंत. मग म्हणाला, "नॉर्ब, रसला मी ओळखतो हो. ड्यूटी नसली की दर शनिवारी समोर बसतो मी त्याच्या."

तो बसतो, ग्लेन बसतो, बेकरीवाला बसतो. ज्या टेबलावर सगळं गाव बसलंय त्या टेबलाविरुद्ध माझ्या कोपऱ्याचं कोण ऐकणार? मायलोला फोन केला. तो म्हणाला, मी येतो, दोघं जाऊ. पण काय घेऊन जाऊ, नॉर्ब्या? आपण दोघं मिळून त्याच्या एका हाताला पुरणार नाही.

त्याचं बरोबर आहे. मी मात्र शनिवारी त्याच्या टेबलासमोर उभा राहून बोलणार आहे. हात मागे बांधून.


रविवार, १६ फेब्रुवारी

हे कालचं.

दुकानात मी बोललो. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, रस बायकोला मारतो, आणि ही बोटं त्याने मोडली. एवढंच. पाठ केलेलं पुढचं सगळं विसरलो.

रस उठला नाही. त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "म्हातारं टेबल गेलं म्हणून सैरभैर झालंय." लोकांनी खाली मान घातली. माझी लाज वाटल्यासारखी. ग्लेनने मला कोपराला धरून दारापर्यंत सोडलं. मागे वळून पाहिलं तर रसने फासे आवरायला घेतले होते. ऐन खेळात, दुपारी. तो घरी निघाला होता. त्याचं कारण मला उमगलं: माझं बोलणं आता कोरीनवर निघणार होतं. मायलोने गाडी काढली, पण मिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बर्फात रुतली. मायलो मदत आणायला गेला आणि मी चालत, पडत, मागच्या आळीने माझ्या घरी आलो, फोन करायला. पुन्हा तोच डेप्युटी. बघतो म्हणाला.

फोन ठेवतोय तोच मागचं दार वाजलं. कोरीन. कोट नाही, एका पायात जोडा. डावा डोळा पूर्ण मिटलेला, खालचा ओठ दोन जागी फाटलेला, हनुवटीवरून रक्त गळ्यात गेलेलं. तिच्या हातात माझा मोजा होता. लोकर काळी, ओली, केस चिकटलेले. गाठ सुटली नव्हती. आईची गाठ.

मी तिला शेगडीपाशी बसवलं. तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तो आला तो कोट न काढताच. तिला केसांनी धरून ओट्यावर आपटलं. म्हणाला, म्हाताऱ्याला काय काय सांगितलंस, म्हण उभी राहून. मग गळा धरला. तिचा हात ओट्याच्या खणात गेला, तिथे तिने तो मोजा हातपुसण्यांखाली दोन आठवडे ठेवला होता. पहिला फटका कानावर बसला. तो हसला. दुसरा जबड्यावर, तेव्हा दात फरशीवर उडाले, त्यांचा आवाज तिने ऐकला. तो गुडघ्यांवर आला. तिने आणखी मारलं.

"पाय हलायचे थांबले तेव्हा मी थांबले," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत तसंच हलत होते. नॉर्ब, तो मेला का ते मी पाहिलं नाही."

मी तिच्या खांद्यांवर घोंगडी घातली. अर्ध्या-पाऊण तासाने पुढच्या दारावर धाप पडली. मग पुन्हा. जड हाताची.

कोरीन उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मोज्याची गाठ मुठीत धरली. मी डाव्या हातात बर्फ काढायचं फावडं घेतलं. म्हटलं, दोन माणसं, एका हाताची आणि एका डोळ्याची, आणि दार लावून धरायचंय. हेच मी आयुष्यभर लिहीत आलो होतो. ते खरं झालं तेव्हा त्यात काव्य कुठे सापडेना. डाव्या हातात फावडं नीट धरता येतंय का, एवढंच बघत होतो.

पुढच्या धापेसरशी दार उघडलं.

बाहेर आर्डिस. डोक्यावर बर्फ, पायात घरातल्या सपाता. एका हातावर कोरीनचा हिवाळी कोट आणि दुसरा जोडा, दुसऱ्या हातात एक छोटी सुटकेस. कोपराने दार ठोठावत होती ती. मुलगा जिचा रक्तात पडलाय ती आई. मी फावडं खाली करायचंही विसरलो.

तिने माझ्या पट्टीकडे बघितलं, फावड्याकडे बघितलं, आणि मग माझ्या खांद्यावरून आत, भिंतीपाशी उभ्या असलेल्या सुनेकडे.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "ॲम्ब्युलन्सने नेला. बोलता यायचं नाही त्याला बरेच दिवस. ते विचारत होते कसं झालं. मी सांगितलं, पायऱ्यांवरून पडला." तिने उंबऱ्यावर सपाता झटकल्या. "आमच्या घरात सगळे तिथूनच पडतात, नॉर्बर्ट. सरक, आत येऊ दे मला."